गाळलेले तुकडे

डोंगरावरच्या आणि सपाटीवरच्या बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या जाड, केसाळ चुलतबहिणी. दोघींच्या डीएनएत फरक दिसला नाही, तर मार्गदर्शक सर शुक्रवारी माझ्या भाचीचा संशोधनाचा विषयच बंद करणार होते. तिची तीन वर्षं पाण्यात गेली असती.

मी त्याच प्रयोगशाळेत सहायक. माशीचा डीएनए काढायचा, ठरलेला भाग वाढवायचा, जेलच्या थरावर त्याची पट्टी किती पुढे सरकते ते बघायचं. लांब तुकडा मागे रेंगाळतो.

बुधवारी भाची टेबलाशी आली. "मावशी, डोंगरवाल्यांची पट्टी परत मागेच? कॉम्प्युटरवर दोघींच्या त्या भागाची लांबी सारखी आहे."

"तिसऱ्यांदा केलंय गं."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. सकाळी डोळे मिटून जप पुटपुटत असतेस."

लागलं मनाला, पण उलट बोलायचं नाही, हे मी पाळते. चौथ्या वेळी नळ्या तिलाच भरायला दिल्या. पट्टी होती तिथेच.

"झालं. आता मीही आंधळी ठरले," ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, "तुझा कॉम्प्युटर सगळं वाचतो का?"

"तेच तेच येणारे तुकडे आधी गाळतो. उडाणटप्पू असतात ते. स्वतःच्याच नकला काढतात, वाटेल तिथे जाऊन बसतात. कचरा गं."

"गाळायला सांगितलं कोणी?"

"मीच," म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

गुरुवारी तिने काहीही न गाळता कॉम्प्युटरवर डीएनएची पुन्हा जुळवणी केली. डोंगरवाल्या बाराही माश्यांत, मी वाढवत होते त्याच भागात, एका जनुकाच्या अगदी उंबऱ्यावर तसला एक तुकडा ठाण मांडून होता. सपाटीवाल्यांत नव्हता.

शुक्रवारी सरांनी चष्मा पुसून पुसून पडदा पाहिला. "पाहुणा आला आणि घरजावई झाला म्हणायचा. घरात काही काम करतो, की नुसता बसून खातो?"

"माहीत नाही, सर," भाची म्हणाली.

"खरं बोललीस ते बरं. बारा माश्यांवर भागत नाही. साठ आणा. विषय चालू राहील."

सर गेल्यावर भाचीने तीन वर्षांत गाळून टाकलेल्या तुकड्यांची फाईल उघडली. पडदा सरकतच राहिला.

"मावशी," नजर न काढता ती म्हणाली, "तुझी खुर्ची इकडे ओढ. कुठला तुकडा बघायचा ते तू दाखवायचंस, मी वाचते."