दोन सारखी सर्टिफिकेटं

जावईबापू झाडावर अडकले, आणि कुटुंबाने खाली उभं राहून त्यांच्या भवितव्यावर चर्चा सुरू केली.

घराण्याचा धंदा झाडांचा. वाढलेली फांदी छाटायची, वाळलेलं झाड उतरवायचं. पूर्वी या कामाला कुऱ्हाड आणि छाती पुरत असे. आता गिऱ्हाईक आधी सर्टिफिकेट विचारतं. म्हणून सासऱ्यांनी घरात कोर्स वाटून दिले. स्वतःला चेनसॉ करवतीचा, मुलाला फांद्यांचा भुगा करणाऱ्या मशीनचा, मुलीला फवारणीचा. जावयाच्या वाट्याला आला दोरीवर चढण्याचा आणि वर अडकलेल्या माणसाला सुखरूप खाली आणण्याचा. "एका घरात दोन सारखी सर्टिफिकेटं म्हणजे एका डोक्याला दोन टोप्या," हे सासऱ्यांचं तत्त्व.

नियम असा, की एक जण वर असेल तेव्हा त्याला उतरवू शकणारा दुसरा जण खाली हवा. सासरे म्हणत, तसा माणूस आपल्याकडे आहे की!

होता. तोच वर होता.

"जावईबापू, या आता खाली!"

"दोरी अडकलीय, बाबा. कापलेली फांदी बेचक्यात तिच्यावरच बसलीय."

"मग जोर लावून ओढा."

"जोर लावला तर फांदी माझ्या डोक्यावर येईल."

"मग नका लावू," सासरे म्हणाले. माणूस तसा समजूतदार.

कमरेच्या पट्ट्याचे बंद मांड्यांत रुतत होते. जावई ना वर जाऊ शकत होता ना खाली. या घरात लग्न झाल्यापासून त्याला याची थोडी सवय होती, पण इतक्या उंचीवर नाही.

"भाऊजी, पाणी हवंय का?" मेहुण्याने विचारलं.

"पोहोचवणार कसं?"

मेहुणा विचारात पडला. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर त्याची आई त्याचे पाय धरून उभी राहते.

शेवटी बायकोने कोर्सच्या मास्तरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. चूक तिथे झाली.

"अहो, तुमचे मिस्टर आज डिप्लोम्याच्या प्रवेशाला येणार होते ना?" मास्तर म्हणाले. "आज शेवटचा दिवस! झाडावर काय करताहेत?"

सासऱ्यांनी मान वर केली. जावयाने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण दोरी गोल फिरून त्याला पुन्हा सासऱ्यांसमोर आणत होती.

"कसला डिप्लोमा?"

"झाडं तपासायचा, बाबा. तीन वर्षांचा. बुंध्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आत कुजलंय का, झाड वाचेल का, ते सांगायचं."

"त्यात शिकायचं काय? उभं आहे ते चांगलं, पडलं ते वाईट! आणि पळून जायचं ते सांगून तरी!"

"कुठे पळतोय, बाबा? लटकलोय."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "मीच म्हटलं, जा."

"घरचा भेदी!" सासरे म्हणाले, आणि त्यांनी जावयाशी अबोला धरला. वर बघून अबोला धरल्याने त्यांची मान आखडली.

मास्तर आले, सरसर चढले, फांदी बाजूला करून जावयाला उतरवलं. मग त्यांनी घराण्याची झाडाझडती घेतली. "दोरीवर चढणारा दुसरा माणूस तयार होईपर्यंत कुणीही वर जायचं नाही. धंदा बंद!"

"मी शिकते," बायको म्हणाली. कुणी काही बोलायच्या आत तिने नवऱ्याच्या कमरेचा पट्टा सोडवून घेतला. "पोरगी आहे म्हणून झाडावरून खाली ओढायचात मला, बाबा. आता बघा."

"मग जावईबापू मोकळे?" सासऱ्यांनी कष्टाने अबोला सोडला.

"प्रवेशाची यादी माझ्याकडेच आहे. नाव आत्ता लिहितो," मास्तर म्हणाले. "तीन वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत संस्थेत राहावं लागेल, एवढंच."

जावयाचं तोंड उजळलं.

"मग ही वर असताना खाली कोण?" मेहुण्याने विचारलं. आयुष्यात त्याने विचारलेला हा एकच नेमका प्रश्न, आणि तो आजच सुचायचा होता.

सासऱ्यांचे गुडघे गेलेले. मेहुण्याचं स्टूल सर्वांना ठाऊक.

"लिहा हो मास्तर त्यांचं नाव," बायको खाली मान घालून पट्टा आवळत म्हणाली. "मी बघेन माझं. मिळेल कुणीतरी."

कुणी मिळणार नव्हतं, आणि मिळालं नाही तरी ही चढणार होती. हे जावयाला तिच्या वडिलांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने मांडीचा बंद उलटा घातला होता. तसं वर गेलं असतं तर पट्टा कमरेतून निसटायला वेळ लागला नसता.

तो गुडघ्यावर बसला. बंद सोडवला, पीळ काढला, पुन्हा नीट ओवला आणि दोनदा ओढून बघितला.

"दुखतंय," ती म्हणाली.

"दुखायलाच हवं."

"काय मग, लिहू ना नाव?" मास्तरांनी विचारलं.

"लिहा, दोरीच्या कोर्सला," जावई हातातला बंद न सोडता म्हणाला. "हिचं."