किल्लेदाराचं गाळलेलं पान

नीलिमाबाईंनी फळ्यावर पाच पायऱ्या काढल्या.

"पहिल्या अंकात किल्लेदार लेकीला खांद्यावर घेऊन तटावर फिरतो. शेवटी तिलाच दार लावतो. माणूस एकदम बदलत नाही. तो कुठेकुठे बदलला, ते आपल्याला शोधायचंय. डोमाजीकाका मदत करतील. त्यांनी तीस वर्षं हा किल्लेदार केलाय."

नववीचा वर्ग माझ्याकडे पाहू लागला.

"आजोबा, मिशा कुठं गेल्या?" पियुषनं विचारलं.

"पेटीत हायेत. उंदरानं अर्ध्या खाल्ल्या."

पोरं हसली.

मी किल्लेदार करायचो तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. दुकानदार नागनाथ पुस्तकातून वाचायचा, मी ऐकून पाठ करायचो. साठी उलटल्यावर याच शाळेच्या व्हरांड्यात वाचायला शिकलो. तरी त्या नाटकाचं पुस्तक कधी हाती घेतलं नाही. पाठच होतं, वाचायचं कशाला?

आमचा शेवट असा होता. मनाविरुद्ध लग्न केलेली लेक दारावर तीन थापा मारते. किल्लेदार आतून म्हणतो, "माझी लेक या दारातून गेली. परत कोणी आलं नाही." आणि पाठ फिरवतो. पडदा. दर वर्षी कापूस निघाला की नाटक व्हायचं आणि त्या पाठ फिरवण्यावर टाळ्या पडायच्या.

माझी लेक चंचलही तशीच गेली होती. विसाव्या दिवशी भरदुपारी परत आली. तीन थापा मारल्या. मी आतून तेच वाक्य बोललो, किल्लेदाराच्याच आवाजात. माझी बायको गयाबाई चुलीपाशी उभी होती. ती पुन्हा माझ्या नाटकाला आली नाही. पुढच्या वर्षी चंचल सासरी, बेज्जूरला, बाळंतपणात वारली. त्यानंतरही मी सात वर्षं किल्लेदार केला. टाळ्या पडायच्या, पण मला त्यांत चौथी थाप ऐकू यायची.

"शेवटचा प्रवेश काढा," बाई म्हणाल्या.

मी बोट ठेवून वाचत गेलो. ते वाक्य आलं. नाटक तिथं संपत नव्हतं. पुढं आणखी एक पान होतं. थापा थांबतात. किल्लेदार दहा श्वास तसाच उभा राहतो. मग म्हणतो, "थांब पोरी, आलो." अडसर काढतो. बाहेर कोणी नसतं.

"हे आमच्यात नव्हतं," मी म्हणालो.

"नागनाथकाकांनी गाळलं असेल," बाई हळू म्हणाल्या. "नाटक लांबलं की गाळतात."

नागनाथला जाऊन नऊ वर्षं झाली. विचारणार कोणाला?

पहिल्या बाकावरची दामिनी म्हणाली, "पण आजोबा, त्यानं आधीच काऊन नाही उघडलं? ती थापा मारून राह्यली होती तवा?"

मी पुस्तक मिटलं.

बाईंनी लेकीचं काम तिलाच दिलं. ती बाहेर गेली. वर्गातल्या पंकजनं दार लावून कडी घातली. मी दाराशी उभा राहिलो.

पहिली थाप पडली. माझ्या घरचं दार वाजलं होतं, तशीच.

मी कडी काढली.

दामिनी दुसऱ्या थापेसाठी हात उचलून उभी होती. "आजोबा, तुमचं वाक्य तर राह्यलंच," ती म्हणाली. "पुन्हा लावा दार."

"नाही लावत. ये आत."

ती आत आली. मी दार धरूनच उभा राहिलो, तिच्यामागून कोणी येतंय का ते पाहत.