पोळ्यातली घोडी

हे गाव नायगाव तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. तेवढं पुरेल की नाही, मला सांगता येत नाही.

मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यात कुणाला एक धडा शिकवला नाही, तरी निवृत्त होऊन गावी आल्यावर लोक मला गुरुजी म्हणू लागले. माझ्या भिंतीला भिंत लागून व्यंकटीचं घर. काही वर्षांपूर्वी त्यानं बैलजोडी विकून पुण्याहून एक घोडी आणली. शेत ट्रॅक्टरवर होत होतं, बैल नुसते बांधून होते, घोडी निदान लग्नसराईत वरातीला चालेल असा त्याचा विचार. मिळवून दिली ती मेहुण्यानं, विरूपाक्षानं. तो देगलूरकडचा, पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत मोतद्दार होता.

टेम्पोतून उतरली तेव्हा घोडी म्हणजे नुसती हाडं. पुढच्या पायाची शीर सुजलेली. गावचे पाटील आणि सगळ्यांत मोठे शेतकरी शेषेराव पारावर बसले होते. म्हणाले, "व्यंकटी, बैल दिलास अन् सांगाडा आणलास व्हय? वरातीत नवरदेवालाच हिला खांद्यावर घ्यावं लागंल."

गाव पुष्कळ दिवस हसलं. व्यंकटीच्या बायकोनं, कावेरीबाईनं, घोडीचं नाव गंगी ठेवलं, पायाला हळद-तेल चोळलं आणि हळूहळू तिला अंग आणलं. घोडी पोचवायला आलेल्या विरूपाक्षानं परत जाताना बजावलेलं भिंतीअलीकडे मलाही ऐकू आलं होतं. तिकडे बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात. "बावा, हिला बैलावानी चारू नको. बैल रवंथ करतो. घोड्याला ओकता बी येत न्हाई. पोटात गेलं की गेलंच."

सगळं वर्ष बरं जाई, पोळा मात्र जड जाई. ज्याच्या दावणीला बैल नाही तो पोळ्याला वेशीत मागं उभा राहतो. शेषेराव दरवर्षी न चुकता विचारत, "व्यंकटी, तुझा पोळा कुठं हाय रं यंदा?" व्यंकटी हसून घ्यायचा. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ताटांचा आवाज येत नसे.

मग त्याच्या मुलीनं, ती लातूरला क्लाससाठी राहते, मोबाईलवर मामानं सांगितलेलं घोडीचं शर्यतीतलं नाव शोधलं. रिव्हर लँटर्न. पुण्याच्या मैदानावरची एक जुनी शर्यत सापडली. पोरीनं ती गावाच्या ग्रुपवर टाकली.

ती शर्यत मी कितीदा पाहिली, सांगायला संकोच वाटतो. वळणावर ती सगळ्यांच्या मागं आहे. तीन वर्षांची कोवळी घोडी. जॉकीनं हातही उचललेला नाही. मग ती बाहेरच्या अंगानं निघते आणि बाकीचे घोडे जणू थांबतात. शेवटी तिच्यामागं एवढी मोकळी जागा, की कॅमेऱ्याला कुणाकडे बघावं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर मला बोलावणं आलं. पुस्तकं चाळायची सवय. रात्रीतून मी तिची वंशावळ शोधून ठेवली होती. बाप आयर्लंडहून आणलेला. आई पुण्याजवळच्या एका स्टडफार्मवर जन्मलेली, तीही शर्यती जिंकलेली. आजी इंग्लंडची. आणि त्यामागं पाहत गेलं तर या जातीचे सगळे घोडे पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपाशी जाऊन पोचतात.

"मायला," पारावरचा साहेबराव म्हणाला, "मला माझ्या पणज्याचं नाव म्हाईत न्हाई, अन् हिच्या खापरपणज्याचं बी लिवून ठिवलंय."

"तुझ्या पणज्यानं कुठली शर्यत जिकली व्हती?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी सांगत गेलो. पुण्यात जिंकली, मुंबईत जिंकली, हैदराबादला एकदा हरली आणि परत जिंकली. मग शीर सुजली. पिलांसाठी ठेवली, पण दोनदा गर्भ राहिला नाही. म्हणून काढून टाकली. एवढी मोठी घोडी आमच्या व्यंकटीच्या गोठ्यात कशी आली याचं उत्तर एवढंच होतं.

शेषेरावांनी शर्यत पुन्हा एकदा लावायला सांगितली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "यंदा पोळ्याला मानाच्या बैलामागं व्यंकटीची घोडी राहील. गावाची शान हाय ती."

व्यंकटी मान खाली घालून बसला होता. कान लाल झाले होते. घरी जाताना तो वेगळाच चालत होता.

भिंतीपलीकडे वाद झाला. कावेरीबाई म्हणत होती, "दारोदार पुरणपोळ्या चारतेत बैलाला. हिला कशी न्यावी? दादा काय म्हणला व्हता, इसरलाव का?"

"तू संगं ये. पदरात हिरवं गवत घे. प्रत्येक दारात कुंकू लावू द्यायचं अन् ताटाऐवजी गवत पुढं करायचं. हाय काय त्यात?"

"लोक ऐकतील?"

"आता ऐकतील," व्यंकटी म्हणाला. "आता आपलं ऐकतील, कावेरे."

पोळ्याला गंगीच्या पाठीवर नवी झूल होती. आयाळीत गोंडे. वेशीत तोरणाखाली बैलांचं लगीन लागलं, ताशा वाजला. बैल बुजत होते, गंगी शांत उभी होती. गर्दीची आणि गोंगाटाची तिला सवय असणार. तोरण तुटलं आणि ती मानाच्या बैलामागून निघाली. दोर व्यंकटीच्या हातात. त्याच्या बापानं बैल धरलेले मी पाहिले आहेत, तस्साच तो ताठ चालत होता.

पहिल्या दारांत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बायका पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या. कावेरीबाई पदरातलं गवत पुढं करून म्हणायची, "हे चारा वैनी, हिला हेच आवडतं." बायका हसून चारायच्या.

मग शेषेरावांचं दार आलं.

त्यांच्या पत्नी शिवकांताबाई परात घेऊन उभ्या होत्या. तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या. या बाईंबद्दल एक सांगायला हवं. गाव हसत होतं तेव्हासुद्धा त्या गड्याच्या हाती गंगीसाठी उसाचं वाढं पाठवायच्या. त्यांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला. डोळे भरले होते.

"मी सकाळपासून हिच्यासाठी केल्यात, भावजी."

कावेरीबाई गवत घेऊन पुढं झाली. "वैनी, हे चारा. हिला—"

"गवत?" शेषेराव ओसरीवरून म्हणाले. "सणाच्या दिवशी, माझ्या दारात, गवत? आमच्या घरचं गोड चालत न्हाई का रं तुझ्या राणीला? का आता लई मोठा झालास?"

लोक थांबले. ताशाही थांबला. आवाजात चेष्टा होती की राग, मला कळलं नाही. व्यंकटीलाही कळलं नसेल. कावेरीबाईनं त्याच्या सदऱ्याला मागून धरलं होतं. व्यंकटीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे.

मग त्यानं दोर सैल सोडला.

गंगीनं आधी हुंगलं. गोड लागल्यावर तिला थांबवता आलं नाही. शिवकांताबाई भरवत होत्या आणि हसत होत्या. पुढच्या दारात मग गवत कुणी घेईना. "पाटलाच्या दारचं खाल्लं, आमचं कडू हाय का?" खिचडा, पोळ्या, गुळाचे लाडू. कावेरीबाई अर्ध्यातून घरी निघून गेली.

दिवे लागायच्या सुमाराला गंगी पाय झाडू लागली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मग घामानं भिजली, लोळू लागली. नायगावचे डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, उजाडेपर्यंत बसून राहिले. शेवटी म्हणाले, उदगीरला जनावरांच्या कॉलेजात न्या, इथं माझ्या हातात काही नाही. आम्ही तिला पिकअपमध्ये चढवली. मी ड्रायव्हरशेजारी, नवराबायको मागं तिच्याजवळ. मुखेड ओलांडलं आणि मागून टपावर हात आपटल्याचा आवाज आला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

ती एकदम शांत झाली होती. मला वाटलं, आराम पडला. व्यंकटीलाही तसंच वाटलं असावं. कावेरीबाईला वाटलं नाही. ती गंगीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या कानात काहीतरी बोलत होती. थोड्या वेळानं तिनं बोलणं थांबवलं.

गाडी परत आली तेव्हा व्यंकटीच्या दारात गाव जमलं होतं. शेषेरावांनी खड्ड्यासाठी स्वतःचं जेसीबी पाठवलं होतं. ते स्वतः कडेला उभे होते, खाली बघत. शिवकांताबाई गर्दीतून पुढं आल्या. गंगीच्या ओठाला वाळलेलं पुरण होतं. त्यांनी ते पाहिलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. माझ्या हातचं लागलं का तिला?"

व्यंकटी फडक्यानं घोडीचं तोंड पुसत होता. नीट पुसून झाल्यावर म्हणाला, "न्हाई वैनी. पोटाचं दुखणं पहिल्यापासूनच व्हतं तिला. मेव्हण्यानं तसलीच गळ्यात मारली."

"पण ती तर चॅम्पियन व्हती ना?" साहेबराव म्हणाला.

"चॅम्पियन घोडी व्यंकटीला कोण देतंय?" मागून एक जण बोलला.

व्यंकटीनं मान हलवली. "न्हाईच देत. ती व्हिडिओतली दुसरी असंल. पोरीनं हौसंनं टाकली."

शिवकांताबाई माझ्याकडे वळल्या. शेषेरावही वळले. "गुरुजी, तुम्ही तर खानदान सांगितलं व्हतं तिचं."

व्यंकटी माझ्याकडे बघत नव्हता. कावेरीबाई बघत होती. आयर्लंडचा बाप, जिंकलेली आई, इंग्लंडची आजी, सगळी नावं माझ्या जिभेवर होती.

"माझीच वाचण्यात चूक झाली," मी म्हणालो. "एका नावाचे दोन घोडे असतात."

शिवकांताबाईंनी पदरानं डोळे पुसले. मोठा श्वास घेतला आणि त्या घरी गेल्या.

खड्डा मोठा झाला होता. माती लोटता लोटता लोकांना बोलायला विषय मिळाला. "तरीच म्हणलं, एवढी पळणारी घोडी वरातीत कशाला नाचंल." "गावानं सांगाड्याला मान दिला की रं!" हसू फुटलं, आधी दबून, मग मोकळं. व्यंकटी फावड्यावर हात टेकून उभा होता. तोही हसला.

कावेरीबाई हसली नाही. ती खाली बसली आणि ओंजळीनं माती टाकू लागली.