तीस किलोची मोटर

शनिवारी दुपारी पप्पांनी माझ्या हातात एक काळी, चौकोनी मोटर दिली. "शाफ्ट फिरव."

मोटरमधून बाहेर आलेला तो दांडा सहज फिरला. मग त्यांनी मोटरच्या चार वायरींपैकी दोन वायरींची उघडी टोकं एकमेकींना पीळ देऊन जोडली. "आता?"

आता तो अडत, झटके देत फिरू लागला.

"म्हणजे या दोन्ही आतल्या एकाच गुंडाळीच्या. ना माहितीचा कागद लागत, ना मीटर."

"कागद आहे कुठे? त्या दुकानदार मच्छिंद्रनं दिलाच नसेल."

"तू कॉलेजात शिकवतेस का चौकीवर असतेस गं, जास्मिन?"

मी हसले नाही. पप्पा मिशन शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. केडगावच्या आमच्या घराच्या पडवीत ते आठ महिने एक सीएनसी मशीन बांधत होते. कॉम्प्युटरवर नाव टाईप करायचं, मशीननं ते लाकडी पाटीवर कोरायचं. मशीनला हलवणाऱ्या तीन मोटरींसाठी ते एमआयडीसीजवळच्या मच्छिंद्रच्या दुकानात पाच खेपा घालून आले होते. त्याच दिवसांत एका संध्याकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं, जेवलीस का. एकदा चर्चच्या आवारात स्कूटर विसरून पायी घरी आले. अशा माणसाला फसवणं किती सोपं आहे, हे दुकानदाराच्याही लक्षात आलं असणार, असं मला वाटे.

त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी ती शेवटची मोटरही मशीनवर बसवली. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी मी पडवी आवरायला घेतली. मोटरींच्या रिकाम्या खोक्यावर छापलं होतं, तीस किलो-सेंटीमीटर. हा शाफ्टच्या जोराचा आकडा. "तीस किलोच्या आणल्यात, दगडसुद्धा कोरतील," असं पप्पांनीच मला ऐटीत सांगितलं होतं. मशीनवर बसवलेल्या तिन्ही मोटरींवर मात्र बारा लिहिलेलं होतं.

मी खोकं घेऊन सरळ मच्छिंद्रच्या दुकानात गेले.

"सरांनी सवताच बदलून नेल्या त्या," तो म्हणाला.

"पावती?"

"सरांची अन् माझी पावती कधी झालीच न्हाई, ताई."

"बरी सोय आहे."

त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "चोर म्हनताय व्हय मला?"

"विचारतेय."

"मग बघूनच घ्या." त्यानं फळीवरच्या, पप्पांनी परत केलेल्या तीन मोठ्या मोटरी पिशवीत टाकल्या आणि माझ्या मागोमाग मोटरसायकलवर घरी आला. तो मशीन उघडत असताना मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही.

त्यानं आधी मोठी मोटर लावली. सावकाश चालवली तेव्हा ती ठीक चालली. वेग वाढवल्यावर एक बारीक शीळ आली आणि मोटर जागच्या जागी थरथरत उभी राहिली. मग त्यानं पप्पांची बारा किलोची परत लावली. त्याच वेगाला ती सुतासारखी सरळ गेली.

"मोठीचा जोर लई, पन उभ्या जागी. पळवली की दम जातो. तेवढा करंट भरायला तिला येळ मिळत न्हाई. तुमच्याकडला पावर सप्लाय हाय चोवीस व्होल्टचा, त्याला बारकीच ब्येस."

"तुम्हाला हे माहीत होतं, तर तीसच्या दिल्याच कशाला?"

"मला कुठं ठावं? गिऱ्हाईक मोठा आकडा मागतं, आमी देतो. हे सरांनी शिकवलं मला. चार खेपा दुकानात बसून कागदं वाचली, गनितं मांडली. मग म्हनले, मच्छिंद्र, आकड्याला भुललो रं मी."

"मला एका शब्दानं बोलले नाहीत."

मच्छिंद्र पाना पुसत राहिला. "म्हनले, घरी सांगू नको. पोरगी आताशा माज्याकडं टक लावून बघती. एवढी चूक कळली तर म्हनंल, बापाचं डोकं गेलं."

पडवीत मशीन अजून चालू होतं. मी ते बंद केलं.

"माझा खरा संशय तुमच्यावर नव्हताच, मच्छिंद्रभाऊ," मी म्हणाले. "पप्पांवर होता. त्यांना विसर पडायला लागलाय, हे मी धरूनच चालले होते. ते बोलायला लागले की मी ऐकत नव्हते, चुका शोधत होते. त्यांना ते कळत होतं, आणि मी एकदाही त्यांना सरळ विचारलं नाही."