हसलेले अनारसे

थोरल्या जाऊबाई माझ्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि मी त्यांना आत या म्हणाले नाही.

कुरवंड्याहून त्या भर उन्हात चालत लोणावळ्यात उतरल्या होत्या. हातात फडक्याने झाकलेली परात होती. त्यांनी फडके बाजूला केले. परातीत तुपात भिजलेला तांबूस चुरा होता.

"हसलं," त्या म्हणाल्या. "समदं हसलं. उद्या माज्या शालूचा नवरा येनार, इंदुरीची विहीनबाई येनार. कस्तुराबाई, आता तुज्याबिगर कोन न्हाई."

आयुष्यभर त्यांनी मला 'कस्तुरे' अशीच हाक मारली होती.

तापल्या तुपात सोडलेला अनारसा जाळी धरण्याऐवजी फुटून कढईभर पसरला, की आमच्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. पिठात गूळ वाजवीपेक्षा जास्त झाला की तो हसतो. हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. तरी अनारसा हसला, की कारण गुळात न शोधता माणसात शोधले जाते.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात ते माझ्यात शोधले गेले होते. माझ्या लेकीचे, नंदाचे, नुकतेच लग्न झाले होते आणि जावयाचा पहिला धोंडा कुरवंड्याच्या घरी होता. माझे कपाळ पांढरे होऊन वर्षही झाले नव्हते. जुना आंबेमोहर भिजवून, सावलीत सुकवून, कुटून पीठ मी स्वतः मळले होते. विहिणीच्या देखत पहिला अनारसा हसला. दुसरा हसला. तिसरा सोडण्याचा धीर मला झाला नाही. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे झुंबरबाईंनी, तोंडाला पदर लावला आणि साऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "पांढऱ्या कपाळाचा हात लागला, हसनारच की!" आणि त्याही हसल्या.

नंदाच्या सासूने त्या घराशी पाणी पिण्यापुरताही संबंध ठेवला नाही. नंदाला पहिल्या बाळंतपणालाही माहेरी धाडले नाही. ती सासरीच बाळंतपणात गेली, आणि मूलही गेले.

पाहुणे उठल्यावर मी उरलेले पीठ जिभेला लावून पाहिले होते. मी घातला त्याहून गूळ कितीतरी जास्त होता. पीठ मुरायला ठेवले तेव्हा माजघरात एकट्या झुंबरबाईच गेल्या होत्या. नंदाचे स्थळ त्यांना शालूसाठी हवे होते, हे सगळ्या गावाला माहीत होते. पण विधवेच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार? मी एक शब्द बोलले नाही. कुरवंडे सोडले आणि लोणावळ्यात एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर स्वयंपाकघरात भाज्या निवडायला लागले. मान खाली घालून तीन वर्षे काढली.

पुन्हा धोंड्याचा महिना आला, तेव्हा मात्र मी मान वर केली.

त्या दिवसांत लढाई चालू होती. देहूरोडच्या लष्करी डेपोंमुळे मावळात नवी बिऱ्हाडे आली होती. त्यांच्याकडे जावई येत. पण अनारशाचे पीठ जमवण्याइतकी उसंत आणि हातोटी घरोघरी नव्हती. बंगल्यावरचे काम सकाळी संपवून दुपारी मी पीठ करू लागले. तळलेले अनारसे मी मुद्दामच विकले नाहीत. पिठाचे गोळे विकले. तळणारा हात ज्याच्या त्याच्या घरच्या सवाष्णीचा. मग पीठ कोणी मळले, याची चौकशी कोणी करत नसे.

तूप माझी शेजारीण जैतुनबी देई. तिच्या दोन म्हशी होत्या आणि जीभ धारदार होती. पहिल्या दारी मी पदराआडून पुटपुटले आणि आतल्या बाईने 'पुढे जा' म्हणून सांगितले. माघारी आले तेव्हा जैतुनबी म्हणाली, "अगं, तू पीठ इकाया गेलतीस का भीक मागाया? पदर डोईवर ऱ्हाऊ दे, तोंडावर कशाला?" त्यानंतर मी पदर तोंडावर घेतला नाही. भाव एकदाच सांगायचा आणि गप्प राहायचे, हेही मी त्याच महिन्यात शिकले. ते मला बंगल्यावरच्या बाईंकडे पाहून उमगले.

जैतुनबीचा नवरा इब्राहिम स्टेशनावर टांगा लावत असे. गावात कोणाचा जावई उतरला, हे सासूच्या आधी त्याला कळे. "मावशी, पवारांचा जावई आला," तो दारातूनच सांगे. "टोपी करकरीत नवी हाय, कोटाची घडी मोडल्याली न्हाई. पहिलाच धोंडा हाय म्हना की." मी लगोलग गोळे घेऊन पवारांच्या मागच्या दारी हजर. जिथे गोळे दिले तिथे पहिला घाणा उतरेपर्यंत मी चुलीपासून हातभर अंतरावर उभी राहत असे. कोणाचाही अनारसा हसला नाही. स्टेशनमास्तरांच्या बायकोने आपल्या बहिणीला सांगितले. देहूरोडच्या एका ठेकेदाराच्या आईने तळेगावात सांगितले. माणसे जोडण्याची कला मला अवगत नव्हती असे नव्हे. तोवर मला तिची गरज पडली नव्हती, इतकेच.

इंदुरीला माझे नाव आपोआप गेले नाही. ठेकेदाराच्या आईचे माहेर इंदुरीचे, हे कळताच मी तिला सर्वांत सुरेख गोळे दिले आणि अमुक घरी अवश्य चाखायला द्या म्हणून विनवले. ते घर शालूच्या सासरचे होते. आठवडा उलटण्याआधीच शालूच्या सासूचा कुरवंड्याला निरोप गेला: आमच्याकडे लोणावळ्याचे आले होते, धोंड्याला तसे अनारसे करा.

झुंबरबाईंना तसे अनारसे कधीच येत नव्हते. मी घरात असेतो ते काम माझेच असे.

माझ्या फळीवर दोन डबे होते. खालच्यात विकायचे पीठ. वरच्यात तेच पीठ होते, पण गूळ मागच्या धोंड्याला झुंबरबाईंनी वाढवला होता तितका. महिन्याच्या पहिल्याच दिवशी मी तो डबा भरून ठेवला होता. जाऊबाई दारात उभ्या असताना माझा हात त्या वरच्या डब्यावर गेला. खरे सांगते, तो तिथे बराच वेळ राहिला.

पण हे पीठ दिले असते तर लोक शालूला हसले असते. मला शालू नको होती. मला झुंबरबाई हव्या होत्या.

मी म्हणाले, "उद्या मी येईन. तुमच्या चुलीवर, इंदुरीच्या बाईसमोर बसून तळीन. आनि अनारसा तिच्या पानात पडला, की मागल्या धोंड्याला गूळ कुनी घातला ते तुमी सांगायचं."

त्यांनी परातीवर फडके ओढले. "तुला ठावं हुतं?"

"त्याच दिसापासनं."

"शालूचा संसार मोडंल गं."

"माज्या नंदाचा मोडला तवा तुमी हसत हुता, आक्का."

त्या परात घेऊन माघारी वळल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमने मला रस्ता होता तिथवर नेले. पुढे डबा डोक्यावर घेऊन मी चढण चढले. ज्या घरातून खाली मान घालून निघाले होते, त्याच घरात ओटीवरच्या बायाबापड्यांच्या नजरेला नजर देत मी आत शिरले. इंदुरीची विहीण माझ्या शेजारीच पाटावर बसली. खसखशीवर थापलेला अनारसा मी तुपात सोडला आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहिले. जाळी धरली. एकही हसला नाही.

विहिणीने तुकडा मोडला. "कुनाच्या हातचं म्हनायचं हे?"

मी झारा वर धरून थांबले. तुपाचे थेंब कढईत पडत होते. शालू दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

झुंबरबाईंनी सांगितले. आवाज इतका खाली होता की मी म्हणाले, "मागं पाहुन्यांस्नी ऐकू गेलतं, आक्का. आजबी जाऊ द्या." मग त्यांनी मोठ्याने सांगितले. मागच्या धोंड्याला हात माझा, गूळ त्यांचा.

विहिणीने हातातला तुकडा शांतपणे खाऊन संपवला. "शालूला माहेरी धाडीन," ती म्हणाली. "पोरीचा काय दोस. पर विहीनबाई, हितनं पुढं तुमच्या हातचं मला पानीबी नगं."

उरलेले पीठ मी तळून संपवले, कढई उतरवली आणि डबा घेऊन निघाले. झुंबरबाई चुलीपाशीच बसून होत्या. त्यांच्याकडे मी वळून पाहिले. चांगले निरखून पाहिले. ते पाहण्यासाठीच मी गेले होते.

दिवेलागणीला खोलीवर परतले. फळीवरचा वरचा डबा काढला, चूल पेटवली, कढईत तूप घातले आणि त्या पिठाचा एक गोळा थापून आत सोडला. तो कडेने सुटला, मधून फुटला आणि कढईभर हसत पसरला. जैतुनबी दारात येऊन उभी राहिली. तूप जळतेय, कढई उतरव म्हणाली.

मी पुढचा गोळा थापायला घेतला. नंदाला अनारशाची खसखशीची बाजू आवडायची. ती मी वर ठेवली.