डबीवरचं नाव

दामाजींनी बशीतला बटाटेवडा दोन बोटांनी उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि होता तिथे परत ठेवला.

"मला बंद आहे."

"बंद? तुला?" भगवानराव म्हणाले. ठाकुर्लीच्या कट्ट्यावर वीस वर्षं दामाजींच्या शेजारी बसणारा हा माणूस आज स्वतः वडे घेऊन घरी आला होता. "तीन महिने फिरकला नाहीस, म्हटलं बघून यावं. अरे दाम्या, शहात्तराव्या वर्षी कसली पथ्यं?"

"पोटात चांगले जंतू असतात म्हणे. माझे रिपोर्टात कमी निघाले."

"पन्नास वर्षं इथल्या नळाचं पाणी प्यायलास, आणि तुला जंतू कमी पडले?"

समोर बसलेल्या महेंद्रने, म्हणजे दामाजींच्या मुलाने, पेपर आणखी थोडा वर धरला. तो उलटा धरलेला नव्हता, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. कारण ते कमी पडलेले जंतू त्याचे होते.

महेंद्रची मुलगी संचिता कल्याणला मायक्रोबायोलॉजी शिकत होती. सत्तरीपुढच्या माणसांच्या आतड्यांत कोणकोणते जंतू नांदतात, हा तिचा प्रोजेक्ट. नमुने गोळा करायचे, तर पहिली डबी अर्थातच घरात आली. दामाजींनी ती बघितली आणि हात मागे घेतले.

"जन्मभर जे कडी लावून केलं, ते आता डबीत भरून नातीच्या हातात देऊ?"

संचिताचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. "मी बघतो," महेंद्र म्हणाला, आणि सकाळी उठून त्याने ते स्वतःच बघितलं. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला कागदावरचा रकाना रिकामा बघवत नाही. डबीवर संचिताच्या अक्षरात दामाजींचं नाव होतं, वय शहात्तर. ती तिच्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "आजोबांना यावरून काही विचारू नकोस हं. लाजतात."

रिपोर्ट आला तेव्हा संचिताने तो सगळ्यांसमोर वाचला. जंतूंच्या जाती फारच थोड्या. असायला हवेत तेच कमी. "याचा वजनाशी, शुगरशी संबंध दिसलाय आजोबा. म्हणजे हेच कारण आहे असं नाही हं, नुसता संबंध."

हा बारकावा सरोजच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही. महेंद्रच्या बायकोने त्याच दिवशी खारी आणि फरसाणाचे डबे माळ्यावर टाकले. नाचणीची आंबील, मोडाची मटकी, पालेभाज्या आणि ताक सुरू झालं.

"आणि सगळ्यांना हेच," तिने महेंद्रला सांगून टाकलं. "दोन दोन स्वयंपाक करायला मी काही खानावळ उघडलेली नाही."

'पण मी काही दिलंच नव्हतं' असं दादा, म्हणजे वडील, म्हणतील, म्हणून महेंद्र श्वास रोखून बसला होता. दामाजींनी रिपोर्ट लांब धरून वरचं नाव वाचलं, एकदा महेंद्रकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि विचारलं, "काय काय सोडायचं?"

अलीकडे ते कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. हेही विसरले असतील, असं महेंद्रने ठरवून टाकलं. बापाच्या विसराळूपणाच्या आडोशाला उभं राहायला त्याला लाज वाटली. पण आडोसा चांगला होता.

रोज जेवताना दामाजी आंबील औषधासारखी एका दमात संपवत, मिशा पुसत आणि महेंद्रच्या वाटीकडे बघत.

"संपव रे. सरोजने मेहनतीने केलीय."

आजारी नसलेला माणूस आजारपण इतक्या निष्ठेने पाळतोय, हे बघत महेंद्र वाटी संपवायचा. तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीत उतरून त्याने दोन वडे घेतले. पहिला खाल्ला. दुसऱ्याच्या वेळी दादांचं ते मिशा पुसणं आठवलं आणि वडा कागदासकट कुत्र्यापुढे ठेवून तो घरी आला. पुढे पुढे खिशातली ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी संपेचना. पट्टा दोन भोकं आत गेला. शिक्षा बापाला आणि फायदा आपल्याला, हे कळल्यावर तर त्याला चांगलं पचलेलं अन्नही पचेना.

आज भगवानराव वडे तिथेच ठेवून आपल्या घरी गेले. त्यांच्या मागोमाग संचिताने टेबलावर नवी डबी ठेवली. त्याच नावाची.

"तीन महिने झाले ना, आता दुसरा नमुना. बाबा, तुम्हीच बोला आजोबांशी," असं म्हणून ती आत गेली.

दामाजी गॅलरीत मटकीचं फडकं सोडून मोड बघत होते. महेंद्र डबी घेऊन त्यांच्यामागे उभा राहिला.

"दादा, मला एक सांगायचंय."

"मोड बघ कसे आलेत."

"दादा, मागच्या वेळी ती डबी..."

"ह्याही वेळी तूच दे," मटकीतला एक खडा काढत दामाजी म्हणाले. "नाहीतर पोरीला फरक कळायचा कसा?"

दामाजींनी हात पुसले, डबी त्याच्याकडून घेतली, खिशातलं पेन काढून स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली आणि दोन्ही वस्तू परत त्याच्यापुढे धरल्या.

"नाव तेवढं तुझं लिही. आणि तिला तूच सांग. ते काही मी करणार नाही." मग मटकीचं फडकं परत बांधत, "तो भगवानने आणलेला वडा आहे का रे अजून?"

"गार झाला असेल."

"असू दे."

महेंद्रने नाव लिहिलं. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. आत संचिता फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, माझे आजोबा म्हणजे ना, सगळ्यात भारी केस आहे. तीन महिन्यांत एक दिवस पथ्य मोडलं नाही त्यांनी."

तिच्या अगदी समोर, भिंतीकडे तोंड करून, दामाजी वडा खात होते.