पाचवी सभासद

वहिनींच्या घरात शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे. दारातून पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांवर पेट्या, पेट्यांवर फडक्यात बांधलेली कागदांची बासनं, आणि मधून एक माणूस तिरका जाईल एवढी वाट. अंगानं भरलेला पाहुणा आला तर वहिनी त्याला उंबऱ्यातच थांबवत. "आत आलात तर बाहेर काढायला माणसं लावावी लागतील," असं तोंडावर सांगत.

हे सगळं मंडळाचं दप्तर. मंडळ विद्वानांचं. या भागातले कोरलेले दगड, बुजलेल्या विहिरी, झाडपाला, म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द, जे दिसेल ते टिपायचं, त्यावर निबंध वाचायचा आणि निबंध वाचला म्हणून एकमेकांचे आभार मानायचे, हा त्यांचा उद्योग. वहिनींचे यजमान त्या मंडळाचे चिटणीस. मंडळाची भाड्याची जागा सुटली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून त्यांनी दप्तर घरी आणलं. त्या चार दिवसांत वहिनींची लेक लग्न होऊन गेली, तिची पोरं शाळेला लागली, आणि चिटणीसही गेले. दप्तर आपलं तिथंच. बाहेरच्या खोलीची खिडकी एका कपाटामागे गडप झाली. झोपायच्या खोलीत पलंग होता, पण त्यावर वार्षिक सभांचे वृत्तांत आडवे पडलेले. वहिनी झोपत स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून.

त्यात घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघे कधीच रुसलेले. जिना उतरायचा म्हणजे वहिनींना आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागे. लेक कधीची म्हणत होती, माझ्याकडे ये, खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, दारासमोर मोकळं अंगण आहे. वहिनींचा जीव त्या अंगणात जाऊन बसायचा. पण कागद म्हणजे तान्ह्या पोरासारखे. वारा दाखवला नाही की दमट होतात, कसर लागते. कुलूप घालून निघून जावं आणि मागून लोकांनी म्हणावं की चिटणिसांच्या घरात मंडळाचे कागद कुजले? ते वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं. जायचं तर दप्तर ज्याचं त्याच्या हवाली करून, ताठ मानेनं.

मंडळाच्या अध्यक्षांना सांगून सांगून वहिनींच्या जिभेला फोड आले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. साधं पाणी मागितलं तरी निकाल दिल्यासारखं मागत. ते दर वेळी म्हणत, "पुढच्या सभेत विषय घेऊ, वहिनी." आणि सभा काही होत नसे, कारण दप्तर हलवायचं तर पाच सभासद समोर बसलेले हवेत असा मंडळाचा नियम, आणि बसण्याच्या स्थितीत चौघेच उरले होते. पाचवे अंथरुणाला खिळलेले. ते बायकोलाही ओळखत नव्हते, मंडळाला काय ओळखणार?

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. "आई, दीर बदली होऊन इकडे येतोय. सगळं घर म्हणतंय, खोली त्याला द्या. मी रविवारी गाडी घेऊन येते. त्या दिवशी आलीस तर खोली तुझी, नाहीतर माझं काही चालायचं नाही."

वहिनींनी तिथल्या तिथं अध्यक्षांना फोन लावला. "रविवारी सकाळी सभा घ्या. नाहीतर मी एकेक पेटी जिन्यावरून खाली ढकलते, आणि खाली तुम्हीच उभे असाल अशी वेळ साधते."

रविवारी चौघेही आले. अध्यक्ष, औषधांचं दुकान चालवून थकलेले खजिनदार, कायम घाईत असणारे प्राध्यापक आणि जमीनमोजणीत नोकरी केलेले, आता कानांनी साथ सोडलेले सर्व्हेवाले. बसायला जागा म्हणजे ती मधली वाट. चौघे एकामागे एक पेट्यांवर बसले, बसमध्ये बसावेत तसे. अध्यक्ष सगळ्यांत पुढे, त्यामुळे त्यांना भिंतीकडे तोंड करून बोलावं लागत होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. बांधलेली पिशवी पायाशी.

"चारच आहोत," अध्यक्ष भिंतीला म्हणाले.

"एक उपाय आहे," मागून प्राध्यापक म्हणाले. "वहिनींनाच सभासद करून घेऊ. सभासद करायला चौघे पुरतात."

वहिनी म्हणाल्या, "मी? अहो, मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई."

"नियमात शिक्षणाची अट नाही."

"ते तुमच्याकडे बघून वाटलंच होतं."

खजिनदार खो खो हसले. हसता हसता कपाटाला धडकले. प्राध्यापकांनी अर्ज काढला, वहिनींनी चष्मा लावला आणि सही केली. सही त्यांना सुरेख यायची. यजमानांनी लग्नानंतर शिकवली होती, प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत. अध्यक्ष उठले, कसेबसे वळले, आणि म्हणाले, "आता उभं राहायचं नाही. बसा." आणि स्वतःची पेटी पुढे केली.

वहिनी बसल्या. इतकी वर्षं या माणसांनी त्यांच्या हातचा चहा प्यायला होता. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

ठराव आला. दप्तर शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला द्यावं, ग्रंथालय तयार आहे. पाच हात वर झाले. खरं तर सहा, कारण वहिनींनी दोन्ही केले.

"संमत," अध्यक्ष म्हणाले. "अंमलबजावणी चिटणिसांनी करावी. चिटणिसांची जागा मात्र रिकामी आहे. कोण होतंय?"

लगेच खजिनदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. प्राध्यापकांच्या घरी सून बाळंत होणार होती. सर्व्हेवाल्यांना प्रश्नच ऐकू गेला नाही, आणि या वेळी तो मुद्दाम ऐकू गेला नाही असं वहिनींना वाटलं.

"वहिनी झाल्या तर?" प्राध्यापक म्हणाले. "चिटणिसांची जागा त्यांच्याच घरात राहील. आजवर मंडळाला बाई चिटणीस झालेली नाही."

"छे हो," खजिनदार म्हणाले. "वहिनींना कसं झेपणार? हे काम वाचणाऱ्याचं."

इथं वहिनींनी गप्प बसायला हवं होतं. पण न झेपणं हा शब्द त्यांना लहानपणापासून झोंबायचा. "का नाही झेपणार?" त्या ताडकन म्हणाल्या. "या घरात कागद सांभाळले कुणी, तुम्ही? आणा इकडे, कुठं सही करायची ती."

सही झाली. टाळ्या झाल्या. मग प्राध्यापकांनी खिशातून ग्रंथालयाच्या अटी काढल्या आणि घाईघाईनं वाचल्या. प्रत्येक कागदाची यादी हवी. यादीच्या पानापानावर चिटणिसांची सही हवी. यादी पुरी होईपर्यंत दप्तर चिटणिसांच्या राहत्या घरी, त्यांच्या देखरेखीखाली राहील.

वहिनींनी सावकाश चष्मा काढला. "हे आधी का नाही वाचलंत?"

"विषयपत्रिकेवर नंतर होतं."

"मग मला नको तुमची चिटणिशी. हा घ्या राजीनामा, तोंडी."

"लेखी लागतो," अध्यक्ष हळूच म्हणाले. "आणि तो चिटणिसांकडे द्यायचा असतो."

"म्हणजे मीच मला देऊ?"

"द्या ना. पण तो मंजूर करायला सभा लागेल. सभेला पाच जण."

"तर मग आताच बसा की! पाच आहोत."

"सभेची नोटीस आठवडाभर आधी द्यावी लागते, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर पडला होता. चौघे उठले, एकामागून एक तिरके झाले, आणि पुढचा जिन्यात पोचेपर्यंत मागचा कपाटाला घासत राहिला. सर्व्हेवाले जाताना म्हणाले, "अभिनंदन हं, वहिनी." त्यांना बहुतेक एवढंच समजलं होतं.

थोड्या वेळानं लेक धापा टाकत वर आली. पिशवी उचलली. "चल. गाडी रस्त्यात उभी आहे, मागचे ओरडताहेत."

वहिनींनी झालं ते सांगितलं. लेक ऐकत गेली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मग काय झालं? कुलूप लाव आणि चल. कोण येणार आहे धरायला?"

"सही माझी आहे."

"ती काय दगडावर कोरलीस?"

"माझ्या सहीखाली काम पडून राहिलं असं कुणी म्हणता कामा नये."

"आई, त्या लोकांनी तुला हातोहात बनवलं! ते घरी जाऊन जेवून झोपतील."

"झोपू देत. ते माझ्यासारखे नाहीत."

लेक पिशवीकडे बघत राहिली. "बाबांनी तुला या कागदांत कोंडलं, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता कुणाचा येऊ देऊ?"

"कोंडलं कुठं? दार उघडंच आहे."

"तेच तर," लेक म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली, आईच्या गुडघ्यांवर क्षणभर हात ठेवला, आणि गेली. खालचे हॉर्न थांबले.

वहिनी बऱ्याच वेळानं उठल्या. करायचंच तर निदान पलंगापासून करावं, म्हणजे पाठ टेकायला जागा होईल, असा हिशेब करून त्यांनी वरचं बासन ओढलं आणि गाठ सोडली. कागद इतकी वर्षं दाबून बसलेले. मोकळे होताच फुगले, सरकले, मांडीवरून जमिनीवर आले. वहिनींनी पहिला कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षर लपेटीचं. बोटानं एकेक अक्षर धरत, ओठ हलवत त्यांनी पहिला शब्द लावला, मग दुसरा. तिसरा लागेना. अध्यक्षांना फोन केला.

"उद्या या. एक शब्द अडलाय."

"उद्या जरा अवघड आहे, वहिनी. बघतो."

त्यांनी तो शब्द सोडून दिला आणि लागले तेवढे दोन नव्या वहीत लिहिले, सहीसारखे सुटे, ठसठशीत. मग बासन पुन्हा बांधायला घेतलं. फडक्याची टोकं एकमेकांना पोचेनात. पलंगावर ठेवावं तर तिथं दुसरी बासनं, वाटेत ठेवावं तर वाट बंद. आता हे ठेवायचं कुठं? घरात कागद नसलेली जागा एकच होती. वहिनींनी ढीग उराशी धरला, तिरक्या होत स्वयंपाकघरात नेला, आणि स्वतःचं अंथरूण पायानं बाजूला सारून ओट्याखाली ठेवला.